आठवं प्रकरण

मुलांसाठी मी लिहितेय त्या रिबूच्या गोष्टीचं आठवं प्रकरण काल रात्री चौथ्यांदा लिहून झालं. आता त्याला हात लावणार नाही.

गोष्ट पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली. रिबेका, घरात सगळ्यांची रिबू, वय वर्षं ९. नाताळ आठवड्यावर आलेला असताना खालच्या शेखकाकांनी बांबूच्या कामट्या वाकवून केलेली, दारावर लावायची चांदणी तिच्या हातून फाटते आणि ठपका येतो धाकट्या शमूवर. एकूण ९ प्रकरणं, प्रत्येक ७००-८०० शब्दांचं. सात-आठ वर्षांच्या मुलाला चित्रांची पुस्तकं लहान व्हायला लागतात, पण जाड पुस्तक हातात घ्यायची भीती वाटते. झोपण्याआधी एक प्रकरण आपलं आपण वाचून संपवलं, एवढं त्याला सकाळी आईला सांगता यावं, यासाठी मी ही मापं पाळते.

पहिल्या खर्ड्यात आठव्या प्रकरणात रिबू उशीत तोंड खुपसून प्रार्थना करते आणि सकाळी उठते तर दारावर नवी कोरी चांदणी. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. त्याच रविवारी उपासनेनंतर शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, मी ते वाचून दाखवलं. मुलं सतरंजीवर बसली होती. संपल्यावर टाळ्या झाल्या. दाराजवळ बसणारा एक मुलगा मात्र सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होता. बोटाचं टोक लाल झालेलं. मान वर न करता तो म्हणाला, "टीचर, पप्पांची नोकरी गेली तेव्हा मी पण प्रार्थना केली होती. रोज. मग आमचं का नाही झालं?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गणित कुठे चुकलं ते विचारावं तसं त्यानं विचारलं. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. आई आजारी असताना मीही रोज मागत होते आणि आई गेली, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग?" पुढचं मला सांगता आलं नाही.

घरी येऊन ते प्रकरण फाडलं. ज्या मुलाच्या घरी सकाळी चांदणी लागत नाही, त्याला माझं पुस्तक सांगत होतं की तुझी प्रार्थना कमी पडली. ख्रिस्ती लेखिका म्हणवून घेऊन मुलांना मी हे देणार होते, याचं मला फार वाईट वाटलं.

दोन आठवडे लिहिलं नाही. मग बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा काढला. पैसे उधळून धाकटा मुलगा घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो, ती गोष्ट. हा दाखला मी वीस वर्षं शिकवतेय आणि दर वेळी मेजवानीपाशी थांबत आलेय. पण गोष्ट तिथं थांबत नाही. थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथंच संपते. थोरला आत गेला की नाही, लूकनं लिहिलेलंच नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला दोघं टाळून जातात आणि तिसरा, परका शोमरोनी, मदत करतो; तिथंही प्रभू शेवटी ऐकणाऱ्यालाच विचारतो, या तिघांतला शेजारी कोण ठरला? इतकी वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर मुलांना घाईघाईनं सांगून टाकत होते.

आता रिबू प्रार्थना करते आणि काहीच होत नाही. मोरीतला नळ ठिबकत राहतो. शेजारी शमू झोपेतही मुसमुसतो. मग रिबू उठते, अंधारात चौदा पायऱ्या उतरते आणि शेखकाकांच्या दाराची कडी वाजवते. आतून आवाज येतो, "कोण?" इथं प्रकरण संपतं.

शब्दांशीही झगडावं लागलं. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, नेहमीचे शब्द बघा: प्रार्थना, ख्रिस्त, स्वर्ग, पश्चात्ताप. सगळी जोडाक्षरं! इंग्रजी शाळेत जाणारं मूल मराठी वाचताना नेमकं तिथंच अडखळतं. 'प्रार्थना' आणि 'ख्रिस्त' ठेवले, कारण रिबूच्या घरात ते रोज कानावर पडतात. 'पश्चात्ताप' काढला. त्याजागी 'रिबूच्या पोटात खड्डा पडला' असं आलं, आणि ते मूळ शब्दापेक्षा खरं वाटतं.

एका प्रकाशकानं सुचवलं, चर्चचा भाग काढा, म्हणजे सगळ्या मुलांना चालेल. दुसरे प्रकाशक आपल्यातलेच, ख्रिस्ती. ते म्हणाले, शेवटी बायबलचं एक वचन घाला, ख्रिस्तामुळे मिळणाऱ्या तारणाचा संदेश स्पष्ट होत नाही. दुसरं उत्तर मला जास्त लागलं. पण चर्च निघणार नाही, कारण रिबूच्या खिडकीतून पंचहौद चर्चचा मनोरा दिसतो, तिच्याकडे नाताळला करंज्या-चकल्या होतात आणि दारात आलेल्या पाहुण्याला 'सलाम' म्हणतात. लहानपणी मी वाचलेल्या एकाही मराठी गोष्टीत असं घर नव्हतं. दिवाळीच्या गोष्टी मी मनापासून वाचल्या, त्यात फराळ म्हणजे काय हे कुणी समजावून सांगत नव्हतं. नाताळही मला तसाच लिहायचाय. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओवीत बांधलेली ख्रिस्ताची कथा, 'ख्रिस्तपुराण', १६१६ साली छापली गेली. अमेरिकन मराठी मिशनच्या 'बालबोधमेवा'नं एकोणिसाव्या शतकातच मुलांसाठी मासिक काढलं. आपल्या घरची गोष्ट आपल्या भाषेत सांगायला मी कुणाची परवानगी का मागू? आणि वचनही घालणार नाही. प्रभूनं थोरल्या भावाला दारात उभं ठेवून गोष्ट थांबवली, तर मी रिबूच्या मागून धावत जाऊन अर्थ सांगू नये.

येत्या रविवारी नवं आठवं प्रकरण वाचणार आहे. तो मुलगा दाराजवळच बसेल. त्याच्या पप्पांना अजून काम मिळालेलं नाही. रिबूनं कडी वाजवली की मी वही मिटणार, आणि दार उघडल्यावर ती काय म्हणेल ते त्याला विचारणार. नववं प्रकरण घरीच ठेवून जाणार आहे.