पुसली गेलेली ओळ

जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणं हे माझं काम. सांगलीहून निघाले, शिक्षणासाठी इंग्लंडात आले आणि इथल्याच एका कार्यशाळेत रमले. तलवारी हाताखालून बऱ्याच गेल्या, पण एका तलवारीवर काम करताना एका घराची दोन पिढ्यांची समजूत माझ्या टेबलावर मोडली, आणि ती ज्यांची होती त्या बाई त्या वेळी माझ्यासमोरच बसल्या होत्या.

बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. पुतण्या गाडीतून घेऊन आला होता. महॉगनीची लांबट पेटी मात्र त्यांनी स्वतः मांडीवर धरून आणली होती. "आमचे पूर्वज नौदलात कप्तान होते, ट्रफाल्गरला नेल्सनबरोबर लढले, त्याबद्दल मिळालेली ही तलवार," असं त्यांनी सांगितलं. ट्रफाल्गर म्हणजे अ‍ॅडमिरल नेल्सनच्या ब्रिटिश नौदलाने फ्रान्स-स्पेनच्या आरमाराला हरवलं ती समुद्रावरची लढाई. पेटी उघडताना त्यांचे हात थोडे कापत होते. मी हातमोजे चढवले आणि तलवार उचलली.

मूठ पाहताच ओळख पटली. ही लॉइड्सच्या देशभक्ती निधीची तलवार. फ्रान्सशी युद्ध पुन्हा पेटल्यावर जुलै १८०३ मध्ये लंडनच्या विमेकऱ्यांनी, म्हणजे लॉइड्सच्या कॉफीहाउसशी बांधलेल्या व्यापाऱ्यांनी, हा निधी उभारला. जखमींना आणि मेलेल्यांच्या बायकामुलांना त्यातून पैसे मिळत, आणि पराक्रम गाजवणाऱ्या अधिकाऱ्यांना तलवारी. तलवारी तीन प्रतींच्या असत: शंभर पौंडांच्या, पन्नासच्या आणि तीसच्या. घडवणारे स्ट्रँडजवळचे रिचर्ड टीड. या तलवारी लढण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. कुणीतरी जिवावर उदार होऊन काही केलं, ते विसरलं जाऊ नये, एवढंच त्यांचं काम.

मुठीवर मात्र मी दर वेळी नव्याने अडकते. हस्तिदंती मूठ, तिच्या पाठीवर सिंहाचं कातडं, बोटांपुढची परज म्हणजे हर्क्युलिसची गदा, आणि त्या गदेला विळखा घालून बसलेला नाग. पहिल्यांदा ही मूठ पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, नाग म्हणजे शत्रू, गदेने ठेचायचा. पण तलवारीबरोबर चिन्हांचा अर्थ सांगणारा छापील कागद देत असत. त्यात एकत्र बांधलेल्या काठ्यांची रोमन मोळी म्हणजे राष्ट्राची एकी, गदा म्हणजे प्रचंड बळ, सिंहाचं कातडं म्हणजे विजय, आणि नाग म्हणजे शहाणपण! बळाला शहाणपणाचा विळखा. नागपंचमीला नागाला दूध-लाह्या वाहणाऱ्या घरातली मी, मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

मग म्यान बाजूला करून पातं बाहेर काढलं आणि पोटात कालवलं.

या तलवारींचं पातं गर्द निळं असतं आणि त्यावर सोन्याच्या मुलाम्याची नक्षी आणि अक्षरं असतात. मुठीलगत तो निळा अजून शाबूत होता, पावसाळी संध्याकाळी दिवेलागणीला आभाळ होतं तसा. त्यापुढे वीतभर जागा नुसती करडी, चकचकीत. अक्षरांच्या पहिल्या ओळी दिसत होत्या, निधीचं नाव आणि पूर्वजांचं नाव. पुढच्या ओळी गायब.

हा निळा रंग लावलेला नसतो. पोलाद तापवत नेलं की आधी गव्हाळ, मग तांबूस, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग त्याच्या अंगावर आपोआप उमटतो. सांगलीत माझे मामा घड्याळं दुरुस्त करत. घड्याळाचा काटा निळा करायचा असला की ते चपट्या डबीत पितळेचा कीस पसरून त्यावर काटा ठेवत, खाली स्पिरिटचा दिवा लावत, आणि मला म्हणत, "बाळे, आता डोळा मिटायचा नाही." एक क्षण उशीर झाला की निळा उडून राखाडी होई. निळ्याचा हा थर केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा असतो. चिंच आणि राख लावून पितळी तांब्या घासतात तशी ही तलवार घासली की तो गेलाच, आणि गेला की परत येत नाही.

"ही कोणी साफ करायचं का?" मी विचारलं.

"माझे वडील," बाई एकदम खुलल्या. "दर २१ ऑक्टोबरला. ट्रफाल्गरचा दिवस ना तो. सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे, बाही वर करायची, पितळेचं पॉलिश आणि फडकं घ्यायचं. अक्षरांच्या जागी तर जास्तच मन लावून घासायचे. मला झाकण धरून उभं करायचे."

मी मान डोलावली. काय बोलणार? ज्या माणसाने वर्षानुवर्षं एवढ्या मायेने ती तलवार जपली, त्याच्याच हाताने ती ओळ पुसली गेली होती. नक्षीच्या कोपऱ्यांत पॉलिशची पांढरी भुकटी अजून घट्ट बसलेली होती.

खरं तर मला खटकलं होतं ते आणखी एक. ट्रफाल्गरच्या कप्तानांना या निधीने शंभर पौंडांच्या तलवारी दिल्या, आणि समोरची तलवार म्यानाच्या घडणीवरून पन्नास पौंडांची दिसत होती. पन्नासची तलवार नौदलात कप्तानाच्या खालच्या लेफ्टनंटला मिळे. मग हे "कप्तान" कोण? बाईंना तेव्हा काही बोलले नाही. चहा मागवला आणि म्हटलं, थांबता का थोडं, अक्षरं काही बोलतात का बघते.

खोलीतले दिवे घालवले आणि पात्याच्या अगदी कडेने, जवळजवळ आडवा, एकच झोत सोडला. असा तिरपा उजेड पडला की पुसल्यासारख्या वाटणाऱ्या खुणांनाही सावली येते. सूक्ष्मदर्शकाखाली करड्या पोलादावर ओरखड्यांचं जाळं दिसलं, हजारो ओरखडे, बहुतेक एकाच दिशेचे. ते पाहताना फडकं फिरवणारा तो हात दिसल्यासारखा वाटला. त्यांच्या खाली एक उभी रेघ, एक गोलाई, एका खाचेत मोहरीच्या फोतराएवढा सोन्याचा कण. मग क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र घेतलं. ते ज्या जागी टेकवावं तिथे कोणते धातू आहेत ते सांगतं. करड्या पोलादात ठिकठिकाणी सोनं निघालं, सोबत पारा. म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून, तापवून चढवलेला जुना मुलामा, नंतर कुणी केलेली भर नव्हे. एकेका बिंदूची नोंद कागदावर करत गेले. दोन तास गेले. पुतण्या दोनदा बाहेर जाऊन आला, बाई जागच्या हलल्या नाहीत.

आधी आकडे जुळले. शेवटचा आकडा पाच असेल असं धरून मी पाहत होते, तो चार निघाला. १८०४. त्याच्या आधी "फेब्रुवारी". ट्रफाल्गरची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ ची. मग वरच्या ओळीत एक नाव उमटलं, डान्स. कमोडोर डान्स. आणि मला सगळं एकदम कळलं.

बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि हळूहळू सांगितलं. तुमचे पूर्वज कप्तान होते हे खरं. पण राजाच्या नौदलात नव्हते, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजावर होते. जानेवारी १८०४ च्या अखेरीस चीनमधल्या कॅन्टनहून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून कंपनीची सोळा मोठी जहाजं निघाली. बरोबर आणखी अकरा जहाजं होती, हिंदुस्थान-चीन व्यापारातली. सगळा माल ८० लाख पौंडांच्या वरचा, आणि सोबतीला नौदलाची एकही युद्धनौका नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, पुलो आउरा बेटाजवळ, फ्रेंच अ‍ॅडमिरल लिन्वा वाट पाहत होता. त्याच्याकडे चौऱ्याहत्तर तोफांची एक युद्धनौका आणि इतर चार जहाजं. व्यापारी जहाजांनी पळ काढला असता तर एकेक करून सापडली असती. ताफ्याचे प्रमुख नॅथॅनियल डान्स पळाले नाहीत. जहाजं लढाईच्या रांगेत उभी केली, काहींवर नौदलाचा निळा झेंडा चढवला, आणि रात्रभर दिवे लावून जागेवर थांबले, जणू लढायलाच आलोय. १५ फेब्रुवारीला तोफा सुटल्या. पाऊण तासाच्या आत लिन्वा माघारी वळला, त्याला वाटलं समोर खरोखर नौदल आहे. आणि डान्सनी दोन तास त्याचा पाठलाग केला! व्यापारी जहाजांनी युद्धनौकांचा! लॉइड्सने डान्सना शंभर पौंडांची आणि बाकीच्या कप्तानांना पन्नास-पन्नास पौंडांची तलवार दिली. हिशोब चोख जुळला.

मुंबईचंही सांगितलं, न राहवून. मुंबईच्या विमा कंपनीने डान्सना ५,००० पौंड दिले होते. तो ताफा बुडाला असता तर मुंबईच्या पेढ्यांनाही झळ बसली असती. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, पुतण्या हसला.

बाई मात्र गप्प होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे ते नौदलातले नव्हतेच."

"नव्हते. पण फ्रेंचांनाही ते तसेच वाटले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग रुमाल काढून म्हणाल्या, "बाबांना हे फार आवडलं असतं."

पुतण्याने विचारलं, पुसलेली अक्षरं पुन्हा सोन्याने भरता येतील का, निळा परत चढवता येईल का? येईल, तसं करून देणारे आहेत. पण मी करणार नाही असं सांगितलं. पातं पुन्हा तापवायचं तर उरलेला दोनशे वर्षांचा निळाही जाईल, आणि नवी अक्षरं टीडच्या कारागिरांची नसतील, माझी असतील. शिवाय ते ओरखडेही आता तलवारीचेच आहेत. बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "राहू देत ते."

पुढचं काम साधंच, पण त्याला अकरा दिवस लागले. नक्षीतली पॉलिशची भुकटी लाकडी काडीच्या टोकाने, भिंगाखाली, कणाकणाने काढली, कारण ती राहिली तर ओल धरते. हस्तिदंताला पाणी चालत नाही, तिथे जवळजवळ कोरडाच बोळा. शेवटी पात्यावर मेणाचा पातळ हात. सापडलेल्या अक्षरांचा नकाशा खऱ्या मापाचा काढला, वाचता आलेली अक्षरं काळी, अंदाजाची फिकी, आणि पेटीत तलवारीखाली ठेवायला दिला.

न्यायला आल्या तेव्हा बाईंनी पर्समधून छोटी डायरी काढली. "पॉलिश लावायचं नाही, कळलं," त्या म्हणाल्या. "पण पेटी उघडून बघायची तर आहेच. कोणता दिवस म्हणालात?"

"१५ फेब्रुवारी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आपल्या बाजूचे किती गेले त्या दिवशी?"

"एक," मी म्हटलं. "रॉयल जॉर्ज जहाजावरचा. आणखी एक जण जखमी झाला."

त्यांनी तेही तारखेखाली लिहिलं, डायरी मिटली, आणि पेटी मांडीवर घ्यायला हात पुढे केले.