साठीला दोन नावे

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेचे प्रूफ हाती आले, तेव्हा पहिल्याच ओळीत 'सहस्त्र' असे छापलेले दिसले. मूळ शब्द सहस्र. त्यात 'त' नाही. ती दुरुस्ती केली खरी, पण त्यानंतर दिवसभर अशा सोहळ्यांची नावेच मनात घोळत राहिली.

रौप्य, सुवर्ण आणि हीरक हे महोत्सव 'ज्युबिली'च्या वळणावर आपल्याकडे रुळले. ज्युबिलीचे मूळ हिब्रू 'योबेल' या शब्दात आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. ते फुंकून बायबलातील पन्नासाव्या, मुक्ततेच्या वर्षाची द्वाही फिरवली जाई. साठ वर्षांशी हिऱ्याची गाठ पक्की झाली ती व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ मधील हीरकमहोत्सवामुळे, आणि त्याच सोहळ्याच्या रात्री, २२ जून रोजी, पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

साठीसाठी आपल्याकडे त्याआधीपासून षष्ट्यब्दीपूर्ती हा शब्द होता आणि मला तो अधिक अर्थपूर्ण वाटतो. षष्टी म्हणजे साठ आणि अब्द म्हणजे वर्ष. 'अब्द'चा मूळ अर्थ पाणी देणारा, म्हणजे ढग. 'वर्ष' या शब्दाचेही नाते पावसाशीच आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांनी आयुष्य पावसाळ्यांनी मोजले. शिवाय संवत्सरांची नावे प्रभवापासून क्षयापर्यंत साठच असल्यामुळे, साठ वर्षे पूर्ण झाली की जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा येते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले तेव्हा शार्वरी संवत्सर होते आणि २०२० च्या महाराष्ट्र दिनीही शार्वरीच होते. हिरा ही किमतीची उपमा झाली. षष्ट्यब्दीपूर्तीत मात्र कालचक्राचा एक फेरा खरोखरच पुरा होतो.

पंच्याहत्तरीला आपण धातू आणि रत्ने सोडून अमृताकडे वळलो, आणि त्यापुढच्या सहस्रचंद्रदर्शनात तर थेट आकाशाकडे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्या हिशेबाने हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात.

आईला हे समजावून सांगितले, तेव्हा तिने चष्मा पुसत विचारले, "मग माझी हजारावी पौर्णिमा नेमकी कोणती रे?" पंचांग घेऊन बसलो आणि ती शोधून काढली. कार्यक्रम आता त्याच संध्याकाळी, गच्चीवर करायचे ठरले आहे. त्यामुळे प्रुफात तारीखही बदलावी लागणार आहे.