पाझराचा रंग

जुलै संपत आला की कळव्यात ओळखीची दोन माणसे भेटली तरी बारवी किती भरले, हा प्रश्न निघतोच. आमच्या भागात येणारे बरेचसे पाणी बदलापूरजवळच्या या धरणातले आहे. ते नदीवाटे खाली येते, जांभूळ येथे शुद्ध होते आणि जलवाहिन्यांनी अंबरनाथ, डोंबिवली, मुंब्रा, दिघा अशा वस्त्यांना आणि कारखान्यांना पोहोचते. धरण भरल्याची बातमी वाचून मलाही हायसे वाटते. पण त्या बातमीत धरणाच्या प्रकृतीविषयी एक ओळही नसते, याची मला खंत आहे.

बारवी हे मातीचे धरण आहे. सत्तरच्या दशकात बांधलेले हे धरण पुढे टप्प्याटप्प्याने उंच करण्यात आले आणि आता पाणी ७२.६० मीटर पातळीला पोहोचले की स्वयंचलित दरवाजे उघडतात. त्या वाढीव पाण्यासाठी तोंडली, मोहघर यांसारख्या गावांनी आपली घरे आणि शेते दिली, हे मी विसरू शकत नाही.

माझे मामा पाटबंधारे खात्यात मिस्त्री होते. मातीचे धरण पाझरणारच, हे त्यांनी मला लहानपणीच समजावले होते. मधला चिकणमातीचा गाभा पाणी अडवतो, तरी थोडे पाणी त्यातून झिरपतेच. ते गाळणीच्या थरांतून निथळून पायथ्याच्या चरात येते आणि तेथे खाचेच्या पट्टीवर रोज मोजले जाते. तलावाची पातळी तेवढीच असताना पाझर वाढला किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ झाले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे. म्हणूनच उतारावर झाडे वाढू देत नाहीत, कारण मेलेल्या मुळांच्या पोकळ्या पाण्याला वाट करून देतात. उंदीर-घुशींची बिळे बुजवणे, माथा कुठे खचला आहे का ते पाहणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे दिसायला किरकोळ आहेत. परंतु मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले तर ती फार काळ टिकत नाही.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. ते बारवीपेक्षा वयाने कितीतरी लहान होते आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. त्या तपासणीतले निष्कर्ष सोप्या मराठीत, पाणीसाठ्याच्या आकड्याशेजारी छापले जावेत, एवढीच माझी मागणी आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि त्यात एकच गोष्ट विचारली आहे: पायथ्याच्या पाझराच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी.