जागा मोकळी करायला सोडलेला जॉब

पहाटे ऑपरेटरचा फोन आला तेव्हा सिस्टम एएसपी, म्हणजे मशीनच्या डिस्कचा एकत्रित साठा, ९१.३ टक्के भरला होता. मी घरून कनेक्ट होऊन वर्क सिस्टम स्टेटसची स्क्रीन उघडली. आकडा ९१.६. एफ५ दाबलं, ९१.७. आदल्या संध्याकाळी निघताना मी तो ७८ पाहिला होता.

आयबीएमचा एएस/४०० सर्व्हर किंवा आताचं आयबीएम आय ज्यांनी हाताळलेलं नाही, त्यांना यातली भीती सांगायला हवी. १९८८ साली ही मशीन बाजारात आली, आणि सिंगल लेव्हल स्टोरेजची कल्पना तर त्याआधीच्या सिस्टम/३८ पासूनची. सगळी मेमरी आणि सगळ्या डिस्क मिळून एकच पत्त्यांचा पसारा. कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे याची काळजी आपल्याला करावी लागत नाही, सिस्टम सगळं पसरवून ठेवते. अतिशय सुखाची गोष्ट आहे. पण याच कारणाने जागा संपली तर ती एका ड्राइव्हची संपत नाही. डेटाबेस, स्पूल (छपाईसाठी साठवलेला मजकूर), चालू जॉबची तात्पुरती जागा, खुद्द ऑपरेटिंग सिस्टम, सगळी एकाच हौदातून पाणी पितात. हौद आटला की मशीन कोसळते.

९० टक्क्यांना सीपीएफ०९०७ हा जागा संपत आल्याचा मेसेज येतो. तो आला होता, रात्री अडीचच्या सुमाराला. पण क्यूसिसऑपरच्या, म्हणजे ऑपरेटरच्या मेसेजेसच्या, रांगेत त्याच्यावर प्रिंटरचे कागद बदलण्याचे चाळीसेक मेसेज साठले होते. ऑपरेटरला दोष देत नाही. ती रांग साफ ठेवणं माझं काम होतं.

वर्क अ‍ॅक्टिव्ह जॉबमध्ये डिस्क आय/ओच्या कॉलमवर कर्सर ठेवून एफ१६ दाबलं. सगळ्यात वर एकच बॅच जॉब, बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. नाव पाहिलं आणि क्षणभर विश्वास बसला नाही: जुने व्यवहार काढून टाकणारा पर्ज जॉब. अ‍ॅप्लिकेशन टीमने संध्याकाळी सोडलेला, खास जागा मोकळी करण्यासाठी.

तोपर्यंत माझा ज्युनिअर कॉलवर आला होता. "मॅडम, एंड जॉब इमिजिएट मारू का?"

"नाही. होल्ड कर. फक्त होल्ड."

प्रोग्राम आरपीजी भाषेतला होता, एकेक रेकॉर्ड वाचून डिलीट करणारा, कमिटमेंट कंट्रोलशिवाय, म्हणजे प्रत्येक बदल लगेच पक्का होणारा. त्यामुळे मारला असता तरी रोलबॅकचं, म्हणजे बदल उलटवले जाण्याचं, संकट नव्हतं. पण हे आम्हाला सोर्स उघडून पाहिल्यावर कळलं, त्या क्षणी माहीत नव्हतं. कमिट न झालेले लाखो बदल पोटात असलेला जॉब मारला, की सिस्टम ते सगळे उलटवायला लागते आणि त्या उलटवण्याच्याही नोंदी जर्नलमध्ये, म्हणजे डेटातल्या बदलांच्या नोंदवहीत, जातात. भरत आलेल्या डिस्कवर ते करायचं नसतं. होल्ड मागे घेता येतो, एंड घेता येत नाही. होल्ड केलेला जॉब आपली लॉक्स सोडत नाही हे खरं, पण हा आठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्ड्सवर बसला होता, तिथे दिवसा कुणी फिरकत नाही.

आकडा ९३.१ वर थांबला.

मग शोध. जर्नलच्या नोंदी ज्यांत साठतात त्या रिसीव्हर्सची डिरेक्टरी उघडली आणि पानामागून पान खाली जात राहिले. रात्रभरात रिसीव्हर्सची रीघ लागली होती. त्या फाइलचं जर्नलिंग दोन्ही इमेजेससह, म्हणजे बदलाआधीचा आणि नंतरचा रेकॉर्ड धरून, आहे, म्हणून प्रत्येक डिलीटबरोबर जुना रेकॉर्ड आख्खाच्या आख्खा जर्नलमध्ये लिहिला जात होता. आणि मूळ फाइलमध्ये? तिथून एक बाइटही परत मिळाला नव्हता. डीबी२ मध्ये, म्हणजे या मशीनच्या डेटाबेसमध्ये, डिलीट केलेला रेकॉर्ड जागेवरच राहतो, फक्त त्याच्यावर खूण होते. फाइल डिस्क्रिप्शनमध्ये डिलीटेड रेकॉर्ड्सचा आकडा कोट्यवधींत गेला होता आणि फाइलचा आकार कालचाच.

पण रिसीव्हर्स तर सिस्टमनेच बदलायचे आणि सिस्टमनेच पुसायचे, असं सेटिंग होतं. मग ते साठले का? दुसऱ्या साइटवर आमचा स्टँडबाय सर्व्हर आहे, इथल्या जर्नलच्या नोंदी तिकडे पाठवणाऱ्या रिमोट जर्नलने जोडलेला. दोन साइट्समधली लाइन एवढा लोंढा वाहून नेऊ शकत नव्हती, स्टँडबाय कित्येक तास मागे पडला होता. जो रिसीव्हर पलीकडे पूर्ण पोचलेला नाही, तो सिस्टम पुसत नाही. ती अगदी बरोबर वागत होती.

एव्हाना वरिष्ठ कॉलवर आले. त्यांचं म्हणणं, आयपीएल, म्हणजे मशीन रीस्टार्ट, करू, पुष्कळ जागा सुटेल. आयपीएलने सुटते ती तात्पुरती जागा. रिसीव्हर्स कायमस्वरूपी ऑब्जेक्ट्स आहेत, मशीन परत उठल्यावर ते तिथेच असणार. शिवाय उठायलाही जागा लागते. दुसरा पर्याय ज्युनिअरने मांडला: डिलीट जर्नल रिसीव्हरला टार्गेटकडे, म्हणजे स्टँडबायकडे, दुर्लक्ष करण्याचा ऑप्शन देता येतो, पाच मिनिटांत दहा टक्के मोकळे. तांत्रिकदृष्ट्या त्याचं खरं होतं. पण तसं केलं असतं तर स्टँडबायची साखळी तुटली असती, सगळा डेटा नव्याने न्यावा लागला असता, आणि तेवढे दिवस आमच्याकडे दुसरा सर्व्हर असून नसल्यासारखा. मी नाही म्हटलं. भरती थांबलेली आहे, आता घाई करायचं कारण नाही, हे मी वरिष्ठांनाही त्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी ऐकलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

तरी सकाळच्या कामकाजाआधी थोडी फट हवी होती. मागच्या अपग्रेडच्या वेळच्या बॅकअपच्या सेव्ह फाइल्स एका लायब्ररीत पडून होत्या, टेपवर प्रत असल्याची खात्री करून त्या पुसल्या. जवळपास दोन टक्के तिथेच मिळाले. जुने जॉब लॉग काढले, त्याही स्पूल फाइल्सच. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: स्पूल फाइल पुसली तरी तिची रिकामी जागा (मेंबर) सिस्टम पुन्हा वापरण्यासाठी ठेवून देते, क्यूआरसीएलएसपीएलएसटीजी या सिस्टम व्हॅल्यूत मूळ मुदत आठ दिवसांची आहे. तेव्हा रिक्लेम स्पूल स्टोरेज स्वतः चालवावं लागलं.

नऊच्या आत आकडा ९०.४. मग नुसतं बघत बसणं. स्टँडबाय हळूहळू जवळ येत गेला, एकेक रिसीव्हर पलीकडे पोचला की अलीकडचा आपोआप गळत गेला. दुपारी तीनला ८१.

पर्ज जॉब आम्ही संपवला आणि प्रोग्राम बदलून घेतला: ठरावीक रेकॉर्ड्स झाले की थांबायचं, स्टँडबाय किती मागे आहे ते बघायचं, मगच पुढे. ०९०७ साठी वॉच लावला, तो मेसेज आता थेट आमच्या फोनवर येतो.

राहिला प्रश्न त्या पोकळ फाइलचा. फाइल वापरात असताना चालणारा रीऑर्ग (पोकळ जागा काढून फाइल आवळणं) होता, पण तो रेकॉर्ड्स हलवताना पुन्हा जर्नलच भरतो. म्हणून साधा रीऑर्ग निवडला, त्याला फाइल पूर्ण मोकळी लागते. तिसऱ्या रविवारी डाउनटाइम मिळाला. कमांड ज्युनिअरनेच टाइप केली, पण एंटर दाबण्याआधी थांबला.

"मॅडम, हा आधी दुसरी प्रत बनवतो ना? तिला पुरेल एवढी जागा आहे, मी मघाशी मोजली."

मी म्हटलं, दाब.