बगळा, मनोरा आणि न उलगडलेली गोष्ट

हायाओ मियाझाकी यांचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ हा २०२३ चा ॲनिमेशनपट मी दोनदा पाहिला, तरीही त्याची गोष्ट सलग सांगणे मला जमणार नाही. युद्धकाळात टोकियोतील रुग्णालयाला लागलेल्या आगीत आई गमावलेला माहितो वडिलांबरोबर गावाकडे येतो, तिथे आईचीच धाकटी बहीण त्याची सावत्र आई झालेली असते आणि एक बोलका राखी बगळा त्याला जुन्या मनोऱ्याकडे ओढू लागतो. इथपर्यंत सारे स्पष्ट आहे. मनोऱ्यातल्या जगात मात्र माणसे खाणारे पोपट, जन्म घेण्यासाठी आकाशात तरंगत निघालेले पांढरे जीव आणि दगडी ठोकळ्यांवर जगाचा तोल सांभाळणारा पूर्वज इतक्या घाईने समोर येतात की त्या जगाचे नियम समजून घ्यायला उसंतच मिळत नाही. पटकथेची ही उणीव मला खरोखर खटकली.

पण चित्रे! माहितो आगीकडे धावतो तेव्हा आजूबाजूच्या माणसांच्या आकृती धगीने वितळल्यासारख्या थरथरतात आणि हाताने काढलेली प्रत्येक रेषा त्याच्या भीतीने वाकते. पुढे हिमी ही आगीवर हुकमत असलेली मुलगी त्याला लोणी आणि लाल जॅमचा जाड थर लावलेला पाव देते. तो अधाशासारखा खातो, जॅम तोंडभर फासला जातो, आणि तेवढ्या एका घासात त्याला आईची आठवण येते. तो प्रसंग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.