सगळं पाठ असलेला माणूस

एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना सगळं माहीत असलेली माणसं मला नेहमीच भेटतात. त्या दिवशीच्या तरुणाने मात्र कमालच केली. मी तोंड उघडायच्या आत त्याने संसर्गाचे मार्ग धडाधड सांगितले, डास चावल्याने काही होत नाही हे सांगितलं, विंडो पीरियड, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ, तोही समजावला. वर म्हणाला, "मॅडम, कंडोमबद्दल सांगू नका. पाठ आहे."

पत्रक देऊन "पुढचे या" म्हणता आलं असतं. आमच्या अहवालात पत्रकं किती वाटली याचा रकाना आहे; ती घेणाऱ्याचं पुढे काय झालं, याचा नाही.

मी विचारलं, "कंडोमशिवाय संबंध शेवटचा कधी आला? त्या दिवशी काय काय झालं, क्रमाने सांगा."

तो गप्प झाला. मग तुकड्यातुकड्यांनी बोलू लागला. अनोळखी व्यक्तीबरोबर तो कधीच चुकत नव्हता. चुकत होता तो मैत्रिणीपाशी. जुनं नातं, मध्ये काही महिने दुरावा, आता पुन्हा एकत्र. "खिशातून कंडोम काढलं तर ती विचारेल, मधल्या काळात कोणी होतं का? होतं, म्हणून तर मी इथे आलोय."

म्हणजे अडलं होतं ते बोलण्यापाशी. मग तेच बोलायला लावलं. मी मैत्रीण झाले. त्याने सुरुवात केली, "तू तपासून घे." मी तडकून म्हटलं, "मी का? तूच काहीतरी लपवतोयस!" तो हसला, घाम पुसला, पुन्हा प्रयत्न केला. बऱ्याच खटपटीनंतर त्याला स्वतःचं वाक्य सापडलं: "मी तपासणी करून आलोय, पुन्हाही करणार आहे. तूही करून घे. तोवर कंडोम वापरू." हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि दाराबाहेर विसरला असता.

ही पद्धत काही माझी नाही. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट रिस्पेक्ट या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, त्यात ज्याच्या त्याच्या सवयींबद्दल प्रश्न आणि दुसऱ्या भेटीपर्यंत पार पाडायचं एकच छोटं पाऊल. नुसती माहिती ऐकलेल्यांच्या तुलनेत अशा लोकांमध्ये सहा महिन्यांत नवे लैंगिक आजार सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. वर्षअखेरीस हा फरक 20 टक्क्यांवर आला. म्हणजे परिणाम ओसरतो, हेही खरं.

आमच्या डॉक्टरांना माझं हे पटत नाही. "बाहेर रांग लागलीय आणि तुम्ही नाटक बसवताय," ते त्या दुपारी म्हणाले. त्यांच्याकडे 2013 चा अभ्यास तयार होता: जलद चाचणीसोबत थोडक्यात समुपदेशन केलं, तरी नवे लैंगिक आजार कमी झाले नाहीत. मी म्हटलं, तिथे बैठक एकच होती. ठरवलेलं पाऊल जमलं की नाही हे विचारायला दुसरी भेटच नव्हती. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

"आणि एकट्या माणसाच्या जिभेवर किती भार टाकणार?" त्यांनी थायलंडचं उदाहरण दिलं. तिथे 1991 पासून देशभर वेश्यागृहांत कंडोमची सक्ती झाली. नियम सगळीकडे सारखाच, त्यामुळे नकार देणाऱ्या ग्राहकाला दुसरीकडे जायची सोय उरली नाही आणि त्या बाईला एकटीने हुज्जत घालावी लागली नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मला ते पटलंच.

ठरल्याप्रमाणे तो तरुण दुसऱ्या भेटीला आला. वाक्य बोलला होता. मैत्रीण भडकली, रडली, काही दिवस बोलली नाही. मग तिचा फोन आला. तिने विचारलं, "केंद्र किती वाजेपर्यंत उघडं असतं?" तिच्या कामाची वेळ आणि आमची वेळ नेमकी एकच होती, आणि रजा मागायची तर कारण सांगावं लागणार.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बघा, इथे तुमचं समुपदेशन काय करणार?" आणि आठवड्यातून एक संध्याकाळ चाचणी सुरू ठेवण्याचा अर्ज स्वतःच लिहायला बसले.