चवथ, चिंचोके आणि फीडबॅक

बोस्टनला येऊन सहा वर्षं झाली, इथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. फीडबॅकमध्ये, म्हणजे आपण केलेल्याचा परिणाम परत आपल्यापर्यंत पोचण्यात, डिले आला की सिस्टीम वरखाली डोलायला लागते, हे मी गोव्यात असताना पाठ करून पेपरात लिहिलं होतं, मार्कही पडले, पण डोक्यात शिरलं ते इथे, एका खेळामुळे. एमआयटीत 1960 च्या आसपास प्रोफेसर जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी बसवलेला बीअर गेम. दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी असे चौघं ओळीत बसतात, बोलायचं नाही, नुसती ऑर्डरची चिठ्ठी मागे सरकवायची आणि माल यायला दोन आठवडे लागतात.

यंदा चवथीला फोंड्याला घरी आले होते. दुपारी वीज गेलेली, बाहेर धो धो पाऊस, म्हटलं भाचरांना घेऊन खेळूया. बीअरऐवजी कोकम सरबताचे क्रेट, आणि क्रेट म्हणजे वहिनीच्या डब्यातले चिंचोके, प्रत्येकाला 12. माल पडून राहिला तर क्रेटमागे आठवड्याला 50 पैसे, मागणी पुरी झाली नाही तर 1 रुपया. गिऱ्हाईक मी.

खेळातले चार आठवडे सगळं शांत. मग दुकानदाराचा माल संपला, त्याने घाबरून 15 मागितले, मागच्याने आणखी वाढवून मागितले, शेवटी फॅक्टरीवाल्या पोरीने 40 क्रेट काढायला घेतले, आणि ते सगळे एकदम पुढे आले तोवर कोणालाच नको होते, सोप्यावर चिंचोक्यांचा नुसता ढीग! चौघंही एकमेकांवर चिडलेली. गिऱ्हाईकाने किती मागितलं असेल ते काढा म्हटलं तर सगळ्यांनी डोंगरदऱ्या काढल्या. मग मी माझा कागद दाखवला, पहिले चार आठवडे 4 आणि नंतर शेवटपर्यंत 8, बास.

"मग आत्या, हे वरखाली कोणी केलं?" धाकट्याने विचारलं.

बुलव्हिप इफेक्ट (गिऱ्हाईकाची छोटीशी वाढ साखळीत मागे जाताना फुगत जाते तो) हे नाव मी तोवर घेतलं नव्हतं, आणि माझं ठाम मत आहे की आधी घेऊच नये, पोरं मग खेळत नाहीत, उत्तर शोधत बसतात. डिप्लोमाला असलेला मोठा भाचा म्हणाला, न्हाणीत गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ फिरवत राहतो आणि मग भाजतं, तसंच ना? तसंच रे, अगदी तसंच! कॅलेंडरच्या पाठीवर लगेच ब्लॉक डायग्राम काढून दिली.

दुसऱ्या दिवशी परत बसलो, या वेळी गिऱ्हाईकाचा आकडा चौघांनाही दिसत होता आणि बोलायला मोकळीक होती. फॅक्टरीची ऑर्डर 12 च्या वर गेली नाही.